पाणी काढलंत का?

नाही, मला एक सांगा, तुम्ही कधी लोखंडाला टाके घातलेले बघितलेत का? टाके हो! डोकं फुटल्यावर घालतात तसे, फाटक्या चादरीला घालतात तसे... हसा, हसून घ्या, हसायला काय जातं? मीही हसलो होतो, आणि त्याला आता सहा-सात महिने झाले तरी माझ्या नखातलं काळं ग्रीस काही निघत नाहीये! चष्म्याचं दुकान आहे माझं, तुम्हाला सांगतो. स्वच्छ धंदा. पांढरा कोट, मऊ फडकं, भिंतीवर अक्षरांचा तक्ता. दिवसभर गिऱ्हाइकाच्या नाकावर काचा बदलायच्या आणि विचारायचं, "आता बरं दिसतं, का... आता?" मला माहीत असलेला सगळ्यात मोठा स्क्रू म्हणजे चष्म्याच्या काडीतला, मुंगीएवढा, तो पडला तर शोधायला दुसरा चष्मा लागतो! आणि असा मी माणूस दर रविवारी काय करतोय? तर चौघांना न हलणाऱ्या ट्रॅक्टरच्या इंजिनाच्या ब्लॉकसमोर उकिडवा बसून त्याच्या पोटाला खडूची पूड लावतोय! आणि शेजारी तो टाकेवाला, दोन्ही हात पाठीशी बांधून, मयताला आल्यासारखा चेहरा करून सांगतोय, "चष्मेवाले, तडा दिसतो तेवढाच नसतो."

हे वाक्य! हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा ऐकलंय की बायको रात्री म्हणते, तुम्ही झोपेत बडबडता, कसला तडा, कुठला तडा, डॉक्टरला दाखवा.

आता पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा येडा आहे. ट्रॅक्टर आमच्या बाबांचा. वय म्हणाल तर माझ्याहून मोठा, आणि लाड म्हणाल तर तेही माझ्याहून जास्त! मला पावसात भिजत शाळेत पाठवलंय या माणसानं, आणि ट्रॅक्टरला ताडपत्री. बरं, पंचक्रोशीतली नांगरट त्याच्यावर केली, आमची शिक्षणं त्याच्यावर झाली, तेव्हा बोलायची सोय नाही. पुढे जमिनी गेल्या, नांगरटी गेल्या, ट्रॅक्टर राहिला. मागच्या शेडमध्ये. बाबा रोज संध्याकाळी तो चालू करायचे, घराभोवती एक चक्कर मारायचे आणि परत आणून लावायचे. कुत्रं फिरवून आणतात तसं.

मग आई गेली. ती थंडी संपली, उन्हाळा आला, ट्रॅक्टर काही शेडबाहेर आला नाही. बाबा एकटे त्या घरात. आणि एक दिवस न्हाणीघरात पडले. पडले, उठले, कुणाला काही सांगितलं नाही. ताईला कसं कळलं? तर फोन उचलल्यावर "हॅलो" म्हणायच्या आधी ते "आई गं" म्हणाले! मग स्वयंपाकघरात चहाचं भांडं जळून कोळसा झालं. मग दाराची किल्ली आतून तशीच राहिली, आणि मला किल्लीवाल्याला घेऊन जावं लागलं. ताई म्हणजे आमची थोरली बहीण. तुम्हाआम्हाला प्रश्न पडतात ना, तिला पडत नाहीत, तिला थेट उत्तरंच पडतात. तिनं आमच्या शहरात एक वृद्धाश्रम शोधला. म्हणाली, "बाबा, छान खोली आहे, खिडकी आहे, बटण दाबलं की नर्स येते."

बाबा म्हणाले, "आणि नाही दाबलं तर नाही ना येत?"

आता ताईला वाईट म्हणू नका हां. आईच्या शेवटच्या दिवसांत आईचं सगळं तिनंच केलंय. आणि बाबा पडल्यापासून ती रोज पहाटे उठून त्यांना फोन लावायची, बोलायला नाही, उचलतात का ते बघायला. उचलला की ठेवून द्यायची! बाबा आपले तिकडे शिव्या घालतायत, कोण हरामखोर पहाटे फोन करून ठेवून देतो म्हणून.

तर बाबा म्हणाले, "येतो. पण ट्रॅक्टर चालू करून येतो. बंद पडलेलं जनावर मागं टाकून जायची आपल्यात रीत नाही." ताई म्हणाली, "थंडीच्या आत." बाबा म्हणाले, "थंडीच्या आत." झाला करार! आणि तो लवकर पार पडावा म्हणून नेमणूक कुणाची? माझी. मी ताईला म्हटलं, "अगं, मी काय करू तिथे?" "बाबांना पाना दे." "कुठला पाना?" "मागतील तो!" संपलं. धाकट्यानं जन्मालाच येऊ नये, तुम्हाला सांगतो.

इंजिन सोडवलं. म्हणजे त्यांनी सोडवलं, मी जखमी झालो. शेडच्या तुळईला चेनकप्पी लावून ब्लॉक वर उचलला, मी साखळी ओढतोय, डोळ्यांपुढे काजवे, आणि खालून बाबा ओरडतायत, "हळू! अरे हळू! पोर आहे का ते तुझं, असं आपटायला?" म्हणजे पोर असतं तर चाललं असतं! ब्लॉक लाकडी टेबलावर बसला, टेबल कण्हलं, मी कण्हलो, आणि तेवढ्यात दारात हा टाकेवाला उभा. बाबांचा जुना ओळखीचा. फुटलेलं बीड, म्हणजे हे ओतीव लोखंड, सांधण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. पण स्वभाव असा की वाईट बातमी सांगताना माणसाचा चेहरा उजळतो! आला, ब्लॉकवर टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाला, "हं... आजारी आहे."

मग त्याची ती तपासणी. ब्लॉक घासूनपुसून लख्ख करायचा. मग त्याला रॉकेल चोपडायचं, कोंबडीच्या पिसानं, कानाकोपऱ्यात. थांबायचं. मग फडक्यानं कोरडा पुसायचा, आणि वरून खडूची पूड. सगळा ब्लॉक पांढराफेक. आणि मग नुसतं बघत बसायचं. कारण वरचं रॉकेल पुसलं जातं, पण तड्यात शिरलेलं राहतं ना, ते हळूच बाहेर येतं आणि खडूवर काळी रेघ उमटते. मी म्हटलं, काही उमटत नाही, चला चहा घेऊ. आणि तुम्हाला सांगतो, माझ्या डोळ्यांसमोर त्या पांढऱ्यावर एक रेघ चालायला लागली... कुणी आतून पेन्सिल फिरवावी तशी. चालली, चालली, वाकली, थांबली. वीतभर!

टाकेवाला आनंदानं म्हणाला, "पाणी राहिलं. थंडीत इंजिनातलं पाणी गोठलं, गोठलं की फुगतं, मग ते लोखंडाकडं जागा मागतं. कोण येडं हो काका, पाणी न काढता झोपलं?"

बाबांनी तारेचा ब्रश उचलला, खाली ठेवला, म्हणाले, "चहा टाकतो," आणि गेले.

आता हे तुम्हाला सांगायलाच हवं. आमचा भाग उंच डोंगरातला, थंडीत रात्री बादलीतलं पाणीसुद्धा गोठतं. जुना ट्रॅक्टर, साधं पाणी भरलेला. थंडी पडली की रोज संध्याकाळी खालची तोटी सोडून ते पाणी काढून टाकायचं, सकाळी परत भरायचं. आणि रोज, म्हणजे रोज, दिवेलागणीला आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडायची, "अहो, पाणी काढलंत का?" आणि शेडमधून आवाज यायचा, "काढतो गं!" घरात पाहुणे असोत, कुणी आजारी असो, दोघांचं भांडण होऊन चार-चार दिवस अबोला असो... इतर सगळं बंद, पण ही दोन वाक्यं चालू! आम्ही हसायचो. आम्हाला वाटायचं, आई उगाच विचारते, बाबांना काय कळत नाही का? नसेल कळत हो. आपण इतकी वर्षं समजत होतो ते पाणी थंडी बघून काढतात. नाही! ते तिनं विचारलं म्हणून काढायचे. ज्या थंडीत आई दवाखान्यात गेली आणि परत आलीच नाही, त्या थंडीत विचारायला कुणी नव्हतं.

चहा आला. बाबांचे डोळे लाल. म्हणाले, चुलीचा धूर. चूल कुठली हो? गॅस आहे घरात.

तर टाके. तड्याच्या दोन्ही टोकांना आधी एकेक बारीक भोक पाडायचं. का? तर तडा पुढे पळू नये म्हणून! मला वाटलं हा चेष्टा करतोय, पण खरंच असतं तसं. मग तड्याच्या अंगावर भोक, त्यात आटे पाडायचे, त्यात बोल्ट पिळायचा, डोकं कापायचं, हातोडीनं ठोकून सपाट करायचं, की त्याला चिकटून दुसरं भोक. असं करत करत अख्खी रेघ बोल्टांनी भरून काढायची. सगळा रविवार गेला आणि काम झालं किती, तर करंगळीएवढं. पण बाबा! तुम्ही त्यांना बघायला हवं होतं. आई गेल्यापासून चिमणीएवढं खाणारा माणूस, त्या दिवशी माझ्या डब्यातलं खाऊन मला विचारतो, "तू जेवलास का?" काय जेवणार मी, झाकण?

पहिला तडा बुजला. ताईला फोन केला, "झालं!" आणि मागून टाकेवाला, "तडा दिसतो तेवढाच नसतो." परत रॉकेल, परत खडू... दुसरा! जाड कोपऱ्यात. तिथे टाके बसेनात, म्हणून तिथे गॅसनं तापवून पितळ भरलं. आणि तापलेलं बीड म्हणजे रुसलेला जावई हो, सावकाश थंड व्हावं लागतं. वारा लागला, गेलं; पाणी लागलं, गेलं. म्हणून अख्खा ब्लॉक गरम राखेत पुरून ठेवला, वर जुनं ब्लँकेट, आणि टाकेवाल्यानं बजावलं, "उद्या संध्याकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोण आलं? ताई! आवराआवर करायला. बाबा शहरात जाणार, तर घर आवरायला नको का? माळा आवरला, कपाटं आवरली, शेडमध्ये आली. टेबलावर राखेचा ढीग! "शी! काय उकिरडा करून ठेवलाय!" केरसुणीनं राख झाडली, बादली आणली, फडकं पिळलं, आणि त्या ब्लॉकला प्रेमानं अंघोळ घातली.

टिंग!

बस, एवढाच आवाज. ताई मला फोनवर म्हणाली, "अरे, ते वाजतं का?" मी म्हटलं, "वाजत नाही ताई. ते फुटतं."

तिसरा. बाबांनी ताईला एका शब्दानं बोल लावला नाही. उलट तिला म्हणाले, "असू दे गं, बुजवू." इतक्या गोडीत म्हणाले की मला तेव्हाच संशय यायला हवा होता! टाकेवाल्यानं तिसरा बुजवला. आणि मग काय विचारता, जणू दारच उघडलं. दर रविवारी मी जातो तो नवी रेघ तयार. चौथा, पाचवा, पुढे मी मोजायचं सोडलं. बाबा दारातच उभे, "ये. अजून एक निघाला." मी बघतो, आहे. टाकेवाला बघतो, मान हलवतो, "तडा दिसतो तेवढाच नसतो," चहा पितो आणि म्हणतो, "हा थोडा वाळू दे, पुढच्या रविवारी बघू." वाळू दे? तडा वाळतो का हो? पण मी आपला चष्मेवाला, मला काय कळतंय!

तिकडे ताईचं डोकं तापलेलं. "ती खोली ते लोक किती दिवस धरून ठेवणार? बाहेर रात्रीची हवा गार व्हायला लागली रे. परवा बाबांनी पहाटे फोन उचललाच नाही, मी अर्ध्या रस्त्यात पोचले होते, आणि हे अंगणात शेंगा वाळत घालत बसलेले! एकदा कधीतरी खरंच उचलणार नाहीत..." आणि ती रडायला लागली. ताई! दोघांचंही बरोबर असलं की मधल्या माणसानं कुठे बघायचं, तुम्हीच सांगा.

म्हणून त्या आठवड्यात मी रविवारची वाट न बघता शनिवारीच गेलो. दुकान लवकर बंद केलं. म्हटलं, जे काय असेल ते एकदाचं उरकू. फाटक उघडंच होतं. शेडच्या खिडकीपाशी आलो आणि आत बघितलं.

बाबा टेबलासमोर स्टुलावर बसलेले. ब्लॉकला ताजी खडूची पूड. हातात कोंबडीचं पीस. शेजारी वाटीत रॉकेल. आणि दाताखाली जिभेचं टोक धरून, शाळेतलं पोर चित्रकलेच्या पेपरला बसतं ना तसे, ते त्या पांढऱ्यावर... रेघ काढत होते. हात कापायचा, मग थांबायचे. परत बुडवायचे. थोडी रेघ, मग जरासं वळण, कारण तडा सरळ नसतो. मग मागे सरकून, मान तिरकी करून बघितलं. पसंत पडली नाही. थोडी अजून वाढवली.

मी चष्मे विकतो हो! अख्ख्या गावाच्या डोळ्यांचा नंबर मला तोंडपाठ आहे, आणि माझ्या नाकासमोर माझा बाप खोटे तडे काढत होता आणि मी ताईला फोन करत होतो, "आज अजून एक निघाला!"

काय करणार होतो मी? आत जाऊन काय म्हणणार होतो? मी पाय न वाजवता फाटकापर्यंत मागे गेलो, फाटक जोरात आपटलं, खोकलो, चपला घासत आलो. बाबा दारात, पीस कुठे दिसेना. "आज कसा रे?" "सहज." "बरं झालं आलास." आणि मला हाताला धरून ब्लॉकपाशी नेलं आणि विचारलं, "बघ रे, दिसतंय का काही?"

आयुष्यभर हा प्रश्न मी लोकांना विचारतोय, तुम्हाला सांगतो. मला कुणी पहिल्यांदाच विचारला. मी नीट बघितलं. रेघ सुंदर काढली होती.

मी म्हटलं, "दिसतंय, बाबा. मोठा आहे."

टाकेवाल्याला गाठलं. "तुम्हाला माहीत होतं?" तर म्हणतो, "तिसऱ्यानंतर एकही खरा नाही." "मग बोलला का नाहीत?" "चहा चांगला करतात." आणि चालायला लागला. असला माणूस!

पण ताईला कोण फसवणार? पुढच्याच रविवारी ती स्वतः हजर. ब्लॉककडे बघितलं नाही, बाबांकडे बघितलं नाही, थेट टाकेवाल्याला म्हणाली, "खडूबिडू पुरे. याच्यात पाणी भरा. गळलं तर फुटलेला, नाही गळलं तर धड." आहे की नाही, थेट उत्तर! टाकेवाला माझ्याकडे बघतोय, मी बाबांकडे, बाबा खाली. नाही म्हणणार कोण? त्यानं ब्लॉकची सगळी तोंडं पत्रे आणि रबर लावून आवळली, वरून पाणी काठोकाठ भरलं, आणि शेवटचं भोक बंद केलं. आम्ही सगळे गोल उभे.

गळेल हो एखादा थेंब, मी मनात म्हणत होतो. एक थेंब गळ रे बाबा, तुझं काय जातंय!

नाही गळला. टाकेवाल्याचे टाके ते, कसला गळतोय? ब्लॉक कोरडा ठणठणीत. बाबांनी सगळीकडून हात फिरवला, आणि ताईला म्हणाले, "पास झाला." मग म्हणाले, "चहा टाकतो."

आतून कप फुटल्याचा आवाज आला. आम्ही धावलो. बाबा ओट्याला टेकून जमिनीवर, तोंड एका बाजूला गेलेलं, उजवा हात मांडीवर पडलेला, आणि डाव्या हातानं ते तो उजवा उचलून जागेवर ठेवायला बघतायत... दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा.

दवाखाना, मग तिथून सरळ ती खोली. खिडकी आहे. बटण आहे. बटण डाव्या हाताला लावून दिलंय. ताई रोज जाते. तिचं एकच चाललेलं असतं, "मीच घाई केली रे." मी म्हणतो, नाही गं. दुसरं काय म्हणणार?

आणि मी रविवारी जातो. बाबांची वाचा बरीच परत आलीय, पण बोलतात कमी. मला बघितलं की पहिला शब्द, "झालं?" आता काय सांगू? ब्लॉक पास झाला, इंजिन जोडा, चालू करा, म्हणजे करार पुरा? कारण त्यांच्या हिशेबी ते अजून आलेलेच नाहीत इथे! कपड्यांची पिशवी बांधलेली, दाराशी. नर्स कपाटात लावायला गेली तर म्हणाले, "राहायला आलो नाही मी अजून." "पास झाला" म्हणालेलं त्यांच्या लक्षात आहे की नाही, देव जाणे, मी विचारलं नाही. मी म्हटलं, "नाही बाबा. अजून एक निघाला." "कुठे?" "पंपाच्या भोकाजवळ." "केवढा?" "बोटभर." डोळे मिटले, चेहरा सैल पडला. "टाकेवाल्याला... दाखव."

आता मला थाप मारता येत नाही. कान लाल होतात माझे, लहानपणापासून. म्हणून मी काय करायला लागलो? आधी रिकाम्या घरी जायचं, शेड उघडायची, खडू लावायचा, पीस बुडवायचं, रेघ काढायची, ती बघायची, आणि मग बाबांकडे जाऊन सांगायचं, "मी माझ्या डोळ्यांनी बघितला." खोटं नाही ना मग ते? बायको म्हणते, तुम्हाला वेड लागलंय. मी म्हटलं, घराण्यात आहे.

असा महिना गेला, जास्तच. आणि परवाच्या रविवारी मी आधी शेडमध्ये न जाता सकाळीच थेट खोलीत गेलो तर खिडकीच्या काचेवर बाहेरून पांढरी पिठासारखी थंडी धरलेली. बाबा तिच्याकडे बघत होते. नेहमीचं "झालं?" आलं नाही. काचेवरची नजर न काढता म्हणाले, "पाणी काढलंस का?"

आणि माझ्या तोंडून आपोआप गेलं, "काढतो!"

आणि मग मी दाराकडे पळालो. कारण, तुम्हाला सांगतो... ब्लॉकमध्ये पाणी होतं. ताईनं भरायला लावलेलं, काठोकाठ, सगळी तोंडं आवळून. त्या दिवशी बाबा पडले, आम्ही धावलो, आणि ते पाणी तसंच! महिनाभर मी त्याच ब्लॉकच्या अंगावर खोटे तडे काढत बसलोय, आणि पोटात पाणी!

गाडी कशी हाकली मलाच माहीत. शेड उघडली. पांढऱ्या खडूवर मागच्या रविवारची माझी रेघ, बोटभर, नीटस. आणि तिच्या शेजारून दुसरी. या टोकापासून त्या टोकापर्यंत. बोट आत जाईल एवढी, आणि आतून बर्फ बाहेर डोकावत होता. टाके सगळे जागच्या जागी, एक उसवला नव्हता. तडा त्यांना वळसा घालून गेला होता.

टाकेवाला आला. बघितलं. मी म्हटलं, आता म्हणेल, तडा दिसतो तेवढाच... नाही म्हणाला. त्यानं फडकं घेऊन माझी ती खोटी रेघ पुसली, आणि म्हणाला, "चष्मेवाले, याला आता काही नाही." चेहरा उजळला नव्हता त्याचा.

संध्याकाळीच परत बाबांकडे गेलो. आता त्यांनी विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "नाही बाबा. अजून एक निघाला." "कुठे?" मी हातानं दाखवलं, इथपासून... तिथपर्यंत. बाबा माझ्या हाताकडे बघत होते. मग माझ्याकडे बघितलं, चांगलं निरखून, आणि हळूच म्हणाले, "खरा?"

खरा! म्हणजे इतके दिवस... म्हणजे मी खिडकीत उभा होतो ते... फाटक आपटलं ते... कान लाल झाले असतील हो माझे, काय झालं असेल!

मी म्हटलं, "खरा, बाबा. पाणी राहिलं माझ्याकडून."

मला वाटलं ओरडतील. ओरडायला हवं होतं त्यांनी, मला बरं वाटलं असतं. त्यांनी डावा हात उचलून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "राहायचंच. विचारायला कुणी नव्हतं."

मग त्यांनी बटण दाबलं. पहिल्यांदाच. नर्स पळत आली. तिला म्हणाले, "ती पिशवी... कपाटात लावून टाका."

बोला. मी रडलो, सरळ सांगतो, तिथेच रडलो, नर्ससमोर. मग डोळे पुसले, चष्मा पुसला, निघालो. दारापर्यंत आलो तर मागून हाक, "अरे... गाडीचं पाणी काढलंस का?"

आता माझ्या गाडीत, तुम्हाला सांगतो, असलं पाणी काढायचं काही नसतंच! न गोठणारं काहीतरी हिरवं घातलेलं असतं कंपनीनं, तोटी कुठे आहे ते मला माहीतसुद्धा नाही. पण हे आता रोज फोन करून विचारतात. दिवेलागणीला. मी दुकानात, समोर गिऱ्हाईक, त्याच्या नाकावर अर्धा चष्मा... आणि फोन. "पाणी काढलंस का?"

मी म्हणतो, "काढतो, बाबा."

म्हणायला काय जातं?